सिस्टरची कॅसेट आणि आठशेवर बांधलेली मशीन

"इथं तुटते," सिस्टर म्हणाल्या.

"नाही तुटत," मी म्हणालो.

"तुटते भाऊ. मागे घेऊन परत लावा."

मी कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग मागे घेऊन परत लावलं. अमरावतीच्या राजापेठेत माझं दुकान आहे. काउंटरसमोरच्या स्टुलावर त्या बसल्या होत्या, डोक्यावर माझा मोठा हेडफोन. एप्रिलचं ऊन होतं आणि रस्त्यावर ट्यूशनवाल्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न चालू होते. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं एक बोट वर केलं.

"हे पाहा, इथं. आई म्हणते, 'शेषा, जेवला का बापा.' त्यातला 'जे' अर्धाच आहे."

मी हेडफोन घेऊन स्वतः ऐकलं. मला 'जेवला' नीट ऐकू आलं. पन्नास वर्षं मी आवाजाच्या धंद्यात आहे. रेडिओची खरखर ऐकून आत कोणता पार्ट गेला हे सांगत आलो. आवाजाबद्दल मला कोणी शिकवलेलं चालत नाही.

"सिस्टर, राग मानू नका," मी म्हणालो. "टेप बरोबर आहे. रेकॉर्डिंग बरोबर आहे. तुमचे कान गेले आता."

त्यांनी हेडफोन काउंटरवर ठेवला. त्याची वायर नीट गुंडाळली. नर्सची सवय.

"कान जाऊन राहिले हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर आली मी तुमच्याकडं. पण ही कॅसेट मले तोंडपाठ आहे, राऊत भाऊ. तुमाले नाही."

आणि कॅसेट माझ्याकडंच ठेवून त्या अकोल्याची बस पकडायला निघून गेल्या.

वानखडे सिस्टर अकोल्याच्या. सरकारी दवाखान्यात नोकरी करून रिटायर झालेल्या. घरात एकट्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा "जयभीम भाऊ" म्हणून त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली आणि काउंटरवर अशी ठेवली की जणू रक्ताची बाटली आहे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की दोन्ही कानांच्या नसा हळूहळू काम सोडतायत. कानाला मशीन लावली तर माणसं काय बोलतात ते कळेल, पण कोणाचा आवाज कोणाचा हे ओळखू येईलच असं नाही. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, सांगता येत नाही. तोवर त्यांना आईचा आवाज रोज ऐकायचा होता.

त्यांचा भाऊ शेषराव मिलिटरीत होता. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून भावानं घरी एक टेपरेकॉर्डर घेऊन दिला होता. आई कॅसेटमध्ये बोलायची, सिस्टर ती पोस्टानं पाठवायच्या. एक कॅसेट परत आली, कारण भावाची पलटण दुसरीकडं गेली होती. बाकीच्या कॅसेटी तिकडं गेल्या त्या तिकडंच राहिल्या. पुढं भाऊ गेला, आई गेली. परत आलेली ही एकच उरली. म्हणजे पोस्टाची चूक झाली म्हणून आईचा आवाज वाचला.

आता माझ्याबद्दल. मी सातवी नापास. हे मी लपवत नाही आणि त्याची लाजही धरत नाही. वरूडकडं संत्र्याच्या बागेत माझं लहानपण गेलं. बागेतल्या ऑइल इंजिनाजवळ बसून मी मशीन शिकलो, नंतर अमरावतीत येऊन रेडिओ शिकलो. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले. टेपरेकॉर्डर गेले तेव्हा लोक म्हणाले, राऊत आता घरी बसेल. मी नाही बसलो. जुन्या कॅसेटींमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्यायचं काम सुरू केलं. भजनी मंडळं येतात, कोणाच्या वडिलांचं कीर्तन असतं, कोणाच्या लग्नातली गाणी. रोज कोणी येत नाही. दुकान पुढं आणि खोली मागं. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. कधी कधी दिवसातला पहिला शब्द मी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलतो.

कॉम्प्युटर माझा जुना आहे. तो लिनक्सवर चालतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, जी फुकट मिळते आणि जिच्यात हवा तसा हात घालता येतो. मला हात घातल्याशिवाय करमत नाही. इंग्रजी मला येत नाही, पण कमांड येतात. एका दोनशे पानी वहीत मी त्या उतरवून ठेवल्या आहेत, चित्र काढल्यासारख्या. शेजारी मराठीत लिहिलं आहे की ही लिहिली की काय होतं.

काम असं चालतं. कॅसेट डेकमध्ये टाकायची. डेकमधून वायर कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात जाते. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ बसायचं, घाई चालत नाही. सिस्टरच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची होती. आत टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा छोटा पॅड असतो, तो गळून पडला होता. मी दुसऱ्या कॅसेटचा लावला. पण टेपच थकलेली होती. टेपवर जो तपकिरी लेप असतो, तोच आवाज. जुन्या टेपचा तो लेप चालवताना थोडा थोडा हेडवर निघून येतो. निघाला तेवढा आवाज गेला. म्हणून अशी कॅसेट एकदाच चालवायची आणि तेव्हाच नीट उतरवून घ्यायची, हा धंद्याचा पहिला नियम आहे.

हा नियम मीच मोडला.

सिस्टर गेल्या आणि मी त्यांना खोटं पाडायचं ठरवलं. त्यांचीच कॅसेट परत डेकमध्ये टाकली आणि दुसऱ्यांदा पूर्ण उतरवली. म्हटलं, दोन रेकॉर्डिंग एकाखाली एक लावून दाखवतो, दोन्ही सारखी आहेत की नाही. संपल्यावर हेड पाहिला. पहिल्या वेळच्या दुप्पट तपकिरी चुरा होता. कापसाच्या बोळ्यानं पुसताना हात जरा थांबला.

आवाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघेसारखा दिसतो. मोठा आवाज म्हणजे उंच रेघ, शांतता म्हणजे सपाट. मी 'जेवला'ची जागा शोधली आणि मोठी करून पाहिली. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं रेघ कापलेली होती. डोळ्याची पापणी लवते त्याच्याहीपेक्षा लहान तुकडा गायब. माझ्या कानाला तो कळला नव्हता. सिस्टरच्या जाणाऱ्या कानांना कळला होता.

मग खालची, दुसऱ्या वेळची रेघ पाहिली. तिच्यात 'जे' पूर्ण होता. पण थोडं पुढं, आई बकरी व्याली म्हणून सांगते तिथं तसाच काप. मी शेवटपर्यंत मोजत गेलो. पहिल्यात अकरा काप, दुसऱ्यात नऊ. एकही एका जागी नाही.

टेपचा दोष असा नसतो. टेप खराब असली की आवाज हळूहळू बुडतो आणि हळूहळू वर येतो. हे काप विळ्यानं कापल्यासारखे होते. आणि रस्त्यात खड्डा असेल तर गाडी दर वेळी त्याच जागी आपटते. खड्डा जागा बदलत असेल तर रस्त्याला शिव्या देऊ नये, आपली गाडी पाहावी.

दोन दिवस गाडी पाहिली. डेक बदलला. वायर बदलली. साउंड कार्ड बदललं. या वेळी माझ्याकडची एक भजनाची कॅसेट वापरली. सिस्टरच्या कॅसेटच्या आधीच हे करायला हवं होतं. काप येतच राहिले. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. दुकानात मी एकटाच होतो.

रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. तो पुण्याला कंपनीत आहे. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी तेच विचारतो.

"बाबा, काय चाललंय?"

"काम."

"लाइट जाते का अजून?"

"एप्रिल आहे. जातेच."

"मी इन्व्हर्टरला नवी बॅटरी पाठवतो. दोन वर्षं सांगतोय."

"नको. माझी बॅटरी चालते."

"बाबा, ती बॅटरी मेली आहे. मी स्वतः पाहिली. तुमची मशीन तिच्यावर दहा मिनिटं चालायची नाही."

"पाऊण तास चालते."

"कशी काय?"

"मी गव्हर्नर बांधून ठेवला आहे," असं मी म्हणालो आणि गप्प झालो.

"हॅलो? बाबा?"

"ठेवतो आता," मी म्हणालो.

हे जरा समजावून सांगतो. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला गव्हर्नर असतो. दोन लोखंडी गोळे फिरत असतात. इंजिनावर लोड आला की तो डिझेल वाढवतो, लोड गेला की कमी करतो. कॅसेट डेकच्या मोटरलाही गव्हर्नर असतो, टेप सारख्या चालीनं फिरावी म्हणून. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरलाही असतो. प्रोसेसर म्हणजे त्याचं इंजिन. फरक इतकाच की इथं लोखंडी गोळे नाहीत, लिनक्समधला एक छोटा प्रोग्राम ते काम करतो. त्याचं नावसुद्धा गव्हर्नरच आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, हे तर आपलंच आहे.

प्रोसेसरची चाल मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. माझ्या मशीनची कमीत कमी चाल आठशे, जास्तीत जास्त चोवीसशे. चाल जास्त तर वीज जास्त, गरमी जास्त. गव्हर्नरला तुम्ही सांगू शकता की कसं चालव. परफॉर्मन्स म्हटलं की तो पूर्ण चालीवर ठेवतो. ऑनडिमांड म्हटलं की काम पाहून चाल वाढवतो, कमी करतो. पॉवरसेव्ह म्हटलं की सगळ्यात खालच्या चालीवर बांधून टाकतो, मग काम किती का येईना. नव्या मशीनींमध्ये या नावाचा अर्थ थोडा वेगळा आहे म्हणतात. माझ्या जुन्या मशीनमध्ये हाच.

दोन वर्षांपूर्वी मुलगा आला होता. इन्व्हर्टर पाहून म्हणाला, बॅटरी बदलू. मी म्हणालो, मला कोणाची बॅटरी नको. तो गेल्यावर मी वहीतून कमांड काढली आणि मशीन सुरू होतानाच पॉवरसेव्ह लागेल अशी ओळ टाकून दिली. बॅटरी दहा मिनिटांवरून पाऊण तासावर गेली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. मशीनचा फॅनही बंद पडल्यासारखा शांत झाला. फॅनच्या त्या आवाजाची इतकी सवय होती की पहिले दोन दिवस दुकानात करमलं नाही. मग शांततेची सवय झाली आणि ती ओळ मी विसरलो.

आता आवाज उतरवताना काय होतं ते सांगतो. डेकमधून आवाज नळाच्या पाण्यासारखा येत राहतो. तो थांबत नाही. कॉम्प्युटर एक बादली भरतो आणि हौदात नेऊन ओततो, परत येऊन भरतो. त्या बादलीला बफर म्हणतात. चोवीसशेच्या चालीनं तो आरामात ये-जा करतो. मी त्याला आठशेवर बांधला होता. वर खरखर कमी करायचा फिल्टर चालू, पडद्यावर रेघ काढायचं काम चालू. मधेच आणखी एखादं बारीक काम निघालं की त्याला उशीर व्हायचा आणि बादली भरून सांडायची. सांडलेलं पाणी म्हणजे तो काप. कधी इथं सांडायचं, कधी तिथं.

मी चाल पाहायची कमांड लिहिली. आठशे. परत लिहिली. आठशे.

खुर्चीवर बसून राहिलो. दारावरून दोघं-तिघं गेले असतील, कोणी आत पाहिलं नाही ते बरं झालं.

मग गव्हर्नरला परफॉर्मन्सवर टाकलं. फॅन घोंगावायला लागला. भजनाची कॅसेट अर्धा तास उतरवली, एकही काप नाही. दुसऱ्यांदा उतरवली, नाही. तिसरी वेळ चालू असताना लाइट गेली. इन्व्हर्टरवर मशीन सात मिनिटं चालली आणि बंद पडली.

मुलगा दहा म्हणाला होता. सात.

ऑनडिमांडवर टाकून पाहिलं. बॅटरीला बरं पडलं, पण चाल वर-खाली होताना अर्ध्या तासात एक काप आलाच. सिस्टरची टेप आता एकदाच चालेल, फार तर. तिच्यावर एकही काप मला चालणार नव्हता. आणि मधेच लाइट गेली तर? उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं म्हटलं तर सिस्टरचे कान थांबणार नव्हते. शेजारच्या दुकानात मोठा इन्व्हर्टर आहे. मी मागितला नाही. का, ते विचारू नका.

सिस्टरना फोन केला.

"सिस्टर, तुमच्याकडं लाइट किती वेळ जाते?"

"मोठ्यानं बोला."

"लाइट. किती वेळ जाते?"

"आमच्याकडं नाही जात. दवाखान्याच्या लाइनवर आहे आमची गल्ली. काहून?"

"मी मशीन घेऊन येतो उद्या."

"टेप तर बरोबर होती ना भाऊ?"

"उद्या येतो," मी म्हणालो.

सकाळच्या एसटीनं निघालो. कॉम्प्युटर, त्याचा पडदा आणि स्पीकर सीटखाली ठेवले, डेक गोधडीत बांधून मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, लेकरू आहे का त्याच्यात?" मी म्हणालो, "डेक आहे." तो म्हणाला, "मग तिकीट नाही लागत," आणि स्वतःच हसला. मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता खराब आहे. तेवढा वेळ मी डेक हातांवर उचलून धरला.

सिस्टरचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कॅलेंडर. कॅलेंडरवर कानाच्या डॉक्टरच्या तारखांना लाल गोल. टीव्ही होता, त्यावर कापड टाकलेलं होतं. "ऐकू येत नाही तर लावून काय करू," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पाणी दिलं. मी टेबलावर मशीन मांडली. फॅन घोंगावायला लागला तशा त्या जवळ आल्या.

"या वेळी आवाज करून राहिली तुमची मशीन. तिथं तर गप्प होती."

"पूर्ण चालीवर आहे आता. तिथं कमी चालीवर होती."

"म्हणून तुटत होतं?"

"हो."

"म्हणजे टेपची चूक नव्हती."

"नव्हती."

"माझ्या कानाची?"

"नाही."

"मग मशीनची."

मी वायर जोडत होतो. ती जोडून झाली तरी हात तिथंच ठेवला. "मशीनची बी नाही. मशीनले म्याच सांगून ठेवलं होतं तसं चालाले. वीज वाचवाले. अन् दुसरी गोष्ट, तुमाले खोटं पाडाले म्या तुमची टेप आणखी एकदा चालवली. तिचा लेप निघून राहिला. आता ही शेवटची वेळ आहे, सिस्टर. हेही पूर्ण निघंल याची गॅरंटी नाही."

इतकं मी कोणाशी एका दमात बोललो त्याला बरेच दिवस झाले असतील.

 नोकरीत त्यांनी डॉक्टरांच्या चुका पाहिल्या असतील, पेशंटच्या पाहिल्या असतील. माझ्याकडं त्यांनी तसंच पाहिलं. मग उठून खिडक्या लावल्या, दार लावलं आणि छताचा पंखा बंद केला.

"काहून?" मी विचारलं.

"आवाज जाईल ना त्याच्यात."

आवाज वायरमधून जातो. खोलीत ढोल वाजवला तरी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. धंद्यात नवा आलेला माणूससुद्धा हे सांगेल. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. पंखा बंद झाल्यावर त्यांनी एक कान स्पीकरला लावला होता आणि दुसऱ्यावर हात ठेवला होता.

मी कॅसेट सुरू केली.

सिस्टरची आई यंत्राला बहिरं समजून बोलते. ओरडून. "शेषा, मी तुही माय बोलून राहिली. आमी बरे आहो." बकरी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही माद्याच. कुसुमची, म्हणजे सिस्टरचीच, ड्यूटी रातची असते, ती दिवसा झोपते, मले कोणी बोलाले नाही, म्हणून तुह्याशी बोलते. तेल्हाऱ्याकडं कापूस वेचाले गेली होती, तिथं तुह्या वयाचा एक पोरगा दिसला. मग थोडा वेळ नुसता श्वास. मग, "शेषा, जेवला का बापा."

'जे' पूर्ण आला. सिस्टरनं बोट वर केलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

त्या खोलीत उकाडा असा होता की घाम माझ्या भुवईवरून कीबोर्डवर पडत होता. मी पडद्यावर चाल पाहत होतो. चोवीसशे. चोवीसशे. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आवाज बुडायला लागला. हळूहळू, टेपचा बुडतो तसा. हेड तपकिरी झाला होता. आईचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा झाला आणि तसाच संपला. कॅसेट काढली तर टेप चिकट झाली होती. ती आता कुठल्याच डेकमध्ये फिरणार नाही.

"शेवटचा आवाज बसला," मी म्हणालो. "ती दोन मिनिटं जुन्या रेकॉर्डिंगमधून घेऊन जोडावी लागतील. तिथं आवाज साफ आहे. पण पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं तीन काप आहेत, दुसऱ्यात एक. दुसरंच घेतो. तो एक काप राहील."

"कुठं आहे?"

मी पडद्यावर दाखवला. ऐकवला. त्यांनी ऐकला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिथं ती 'सांभाळून' म्हणते. 'सांभाळून राह्य.' मले माहीत आहे तिथं काय आहे."

मग त्यांनी पंखा लावला आणि माझ्याकडं वळल्या.

"पंखा बंद कराची गरज नव्हती ना?"

"नव्हती."

"मग सांगतलं काहून नाही? घामानं निथळून राहिले तुमी."

"तुमी ऐकून राहिल्या होत्या," मी म्हणालो.

त्यांनी जेवायला वाढलं. भाकर आणि झुणका. घरात दोन ताटं मांडल्यावर त्यांना तिखटाची वाटी कुठं ठेवली ते आठवेना. बरंच शोधली.

अमरावतीला आल्यावर मी ती पॉवरसेव्हची ओळ काढून टाकली. मुलाला रविवारची वाट न पाहता फोन केला आणि म्हणालो, बॅटरी पाठव.  तो म्हणाला, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

एक काम मात्र उरलं होतं. ती ओळ दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत मी ज्यांच्या ज्यांच्या कॅसेटी उतरवल्या, त्या सगळ्यांत काप असणार. गिऱ्हाइकांच्या वहीत चौदा नावं होती. मी माझ्या कामाची तक्रार आजवर ऐकून घेतली नाही, आता स्वतःच करायला बसलो. चौदाही जणांना फोन केला.

भजनी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "कोणती भजनं?" तेल्हाऱ्याच्या एका मास्तरांच्या वडिलांचं कीर्तन होतं. ते म्हणाले, "राऊत भाऊ, तो पेनड्राइव्ह कुठं ठेवला तेच पाहावं लागंल." एका बाईंनी सांगितलं की नवऱ्याचा आवाज ऐकायची हिंमतच झाली नाही. एकानं मला आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि म्हणाला, "काप असू द्या की. कोण ऐकते?" चौदांपैकी एकानंही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

पाच जणांच्या कॅसेटी अजून माझ्याच कपाटात होत्या, न्यायला कोणी आलं नव्हतं. त्या मी पूर्ण चालीवर परत उतरवल्या. कोणी मागितलं नव्हतं तरी.

सिस्टर आता फोन उचलत नाहीत. फोनवरचं ऐकू येत नाही. मेसेज करतात, जपून, दवाखान्याच्या रिपोर्टसारखा. गेल्या आठवड्यात आला: "आज सकाळी पूर्ण लावली. 'जे' ऐकू आला." मी दुकानातून वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि "बरं" असं लिहून पाठवलं. मला एवढंच लिहिता येतं.

नव्या लोकांना या धंद्यातलं एक सांगून ठेवतो. वीज वाचवायची तर खुशाल वाचवा, पण गव्हर्नर कुठं बांधला ते मशीनवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. आणि गिऱ्हाईक म्हणालं तुटते, तर आधी आपली चाल पाहा. त्याचे कान नंतर.